उघाडीपाशी

जिथे आहात तिथेच बसा. पाठ टेकवा. पावलं जमिनीला लागू द्या.

डावा तळवा वर करून मांडीवर ठेवा. उजव्या हाताची दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, अलगद टेकवा.

आधी काहीच लागत नाही. थोडं थांबा.

मग लागतं. एक ठोका. जरा वेळाने दुसरा.

मोजू नका. नुसतं बोटांना कळू द्या.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. स्वस्थ बसलेलं असताना हृदय जवळजवळ तेवढंच रक्त एका मिनिटात पुढे ढकलतं. आत्ता बोटांखालून जे गेलं, ते मिनिटाभरात अंग हिंडून पुन्हा हृदयात येतं.

तुम्ही झोपलेले असा, कुणावर रागावलेले असा, एसटीची वाट बघत असा. ते हिंडतच असतं.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

*

आता मनाने पेणला चला.

गणपतीच्या कारखान्यांच्या गल्ल्या मागे टाका. ओल्या शाडूचा वास मागे राहू द्या. गाव सरतं आणि वाशी-वढावच्या बाजूला खारेपाट उघडतो. सपाट भातशेती. मध्येच एखादं तळं. पुढे मातीचा लांबच लांब बांध.

बांधावर चढा. चप्पल चिखलात रुतते. रुतू द्या.

एका बाजूला गोडं शेत. दुसऱ्या बाजूला तिवरं, करडा चिखल आणि खाडी.

बांधाच्या पोटात पाण्याला वाट ठेवलेली आहे. तिच्या तोंडाशी, खाडीच्या अंगाला, एक झडप टांगलेली आहे. इथली माणसं तिला उघाडी म्हणतात.

बसा तिच्यापाशी.

भरती चढते. खाडीचं पाणी झडपेला रेटा देतं. झडप मिटते. खारं पाणी बाहेरच राहतं.

ओहोटी लागते. बाहेरचं पाणी उतरतं. आता शेतात साचलेलं पावसाचं पाणी झडपेला आतून रेटतं. झडप उघडते. पाणी खाडीत निघून जातं.

कुणी हात लावत नाही. पाणीच झडप लावतं, पाणीच उघडतं.

थोडा वेळ बघत राहा.

झडपेत ओंडका अडकला आणि ती मिटलेलीच राहिली, तर आत पाणी तुंबतं. भात कुजतो.

बांधाला खांड गेली, तर खारं पाणी आत शिरतं. पीक तर जातंच, जमीनही नासते.

खारेपाटातला शेतकरी या दोन भीतींच्या मधोमध उभा असतो. इकडे तुंबणं, तिकडे फुटणं.

तुमचं रक्तही तिथेच उभं आहे.

*

पुन्हा मनगटाकडे या. बोटं तिथेच आहेत का? असू द्या.

मासळी साफ करताना विळी लागते, ते आठवा. बोटावर एक लाल थेंब फुगतो. ओघळतो. तुम्ही बोट दाबून धरता.

चार-पाच मिनिटांनी हात काढता, तर रक्त थांबलेलं.

त्या चार-पाच मिनिटांत पुष्कळ काही घडलेलं असतं. रक्तातल्या बारीक चकत्या, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, जखमेवर गोळा होतात. थ्रॉम्बिन नावाचं द्रव्य जागं होतं. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे ते धागे करतं. धाग्यांचं जाळं विणलं जातं. त्यात रक्तपेशी अडकतात. खांड बुजते.

आणि त्याच वेळी, बोटापासून वीतभर अंतरावर, तेच रक्त मोकळं वाहत असतं.

इथे थांबा जरा.

जखमेपाशी गोठायचं, शिरेत वाहायचं. एकच रक्त दोन्ही करतं. शिरेचं अस्तर गुळगुळीत असतं, ते गोठण्याला थारा देत नाही. यकृत अँटिथ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन बनवतं. ते रक्ताबरोबर फिरत असतं आणि जागं झालेलं थ्रॉम्बिन सापडलं, की त्याला शांत करतं.

कुणी सांगावं लागत नाही. झडप आपोआप मिटते, आपोआप उघडते.

श्वास घ्या. सोडा.

*

आता श्वासाच्या मागोमाग आत जा.

नाकपुडीत हवा थंड लागते. घशातून खाली उतरते. छाती फुलते. त्यापुढचं तुम्हाला जाणवत नाही, तरी मनाने जा.

फुप्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे आहेत. प्रत्येक फुग्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं आहे. त्या इतक्या अरुंद, की तांबड्या पेशी एकामागून एक, एका रांगेने पुढे सरकतात.

सरकता सरकता प्राणवायू घेतात. रांग पुढे जाते.

ही रांग चालू राहणं म्हणजेच श्वास लागू पडणं.

हवा आत आली आणि रांगच थांबलेली असली, तर ती हवा कुणाच्या उपयोगी?

हा प्रश्न 2020 मध्ये जगभरच्या डॉक्टरांपुढे येतो. कोविडचे रुग्ण श्वासाला जड झालेले. फुप्फुसं सुजलेली. आणि सुजेच्या जोडीला, फुप्फुसांच्या शिरांमध्ये गुठळ्या. काहींच्या पायांच्या शिरांमध्येही गुठळ्या. पायातली गुठळी सुटली, तर रक्ताबरोबर वर चढते आणि फुप्फुसात जाऊन अडकते.

1856 मध्ये जर्मन डॉक्टर रूडोल्फ फिरखो यांनी गुठळीवर लिहिलं. त्यांच्या नावाने डॉक्टर आजही तीन कारणं मोजतात. रक्ताचा ओघ मंदावणं. शिरेचं अस्तर दुखावणं. रक्ताचा कल गोठण्याकडे झुकणं.

खाटेवर पडून राहिलेला तापकरी माणूस डोळ्यांपुढे आणा. हालचाल नाही, म्हणून ओघ मंद. सुजेने अस्तर दुखावलेलं. आणि सूज रक्ताला गोठायला उठवत असते.

तिन्ही कारणं एकाच खाटेवर.

त्या माणसाजवळ बसा. घाई करू नका.

*

2021 चा उन्हाळा आहे. दुसरी लाट.

पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातला प्राणवायू टँकरमधून राज्यातल्या रुग्णालयांकडे निघालेला आहे. घराघरांत नवे शब्द रुळलेले आहेत. सॅच्युरेशन किती? सीआरपी काय आला? डी-डायमर वाढलाय का?

वॉर्डात पंखा फिरतो आहे. ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बुडबुडतं आहे.

सिस्टर येतात. निळ्या झग्यात, मास्कच्या मागे, फक्त डोळे दिसतात. हातात एक छोटी सिरिंज, आधीच भरून आलेली.

खाटेवरचे काका विचारतात, “सिस्टर, पोटात कशाला? मला काय कुत्रा चावलाय?”

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हे त्यांच्या पिढीच्या मनात पक्कं बसलेलं आहे.

“रक्त पातळ राहायचं इंजेक्शन आहे, काका. चौदा नाहीत. रोज एक.”

आता त्या हातांकडे बघा.

सिरिंजमध्ये हवेचा एक छोटा बुडबुडा आहे. सिस्टर तो काढत नाहीत. त्याला आत राहू देतात, म्हणजे औषधाचा शेवटचा थेंबही वाया जात नाही.

बेंबीपासून दोन-तीन बोटं बाजूला, पोटाची कातडी चिमटीत धरतात. सुई सरळ आत. दट्ट्या सावकाश खाली. सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडत नाहीत.

“चोळू नका हं.”

काका चोळत नाहीत. उद्या तिथे जांभळा डाग उठेल. उद्याची सुई दुसऱ्या बाजूला टोचतील.

एवढंच. दहा-पंधरा सेकंद.

तुमचं स्वतःचं पोट आत्ता कसं आहे? आवळलेलं आहे का? सैल सोडा.

*

त्या सिरिंजमध्ये एनॉक्सापॅरिन आहे. हेपरिनच्या कुळातलं, लहान रेणूंचं औषध.

हेपरिनची गोष्ट 1916 ची. अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये, जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. रक्त गोठवणारं द्रव्य तो तपासत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याच्या हाती नेमकं उलटं लागलं. रक्त गोठू न देणारं.

आज बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. एका जिवाच्या आतड्यातलं काही दुसऱ्या जिवाच्या पोटात जातं आणि त्याचा श्वास चालू ठेवायला मदत करतं. मनात काय येईल ते येऊ द्या. कृतज्ञता येईल, अवघडलेपण येईल. दोन्हींना जागा आहे.

आता औषधाबरोबर आत चला.

ते रक्ताला पाण्यासारखं करत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं. औषध जाऊन अँटिथ्रॉम्बिनला बिलगतं. यकृताने केलेलं, आधीपासून फिरत असलेलं तेच प्रथिन. औषध बिलगलं, की त्याचं काम कितीतरी पटींनी जोरात होऊ लागतं.

म्हणजे बाहेरून आलेलं औषध शरीराच्याच राखणदाराला हात देतं.

धरलेली गुठळी ते फोडत नाही. ती वाढू देत नाही. नवी धरू देत नाही. जुनी गुठळी विरघळवण्याचं काम शरीर आपलं आपण, सावकाश करतं. जाळ्याचे धागे तुटतात. त्यांचे तुकडे रक्तात येतात. डी-डायमरच्या चाचणीत मोजतात ते हे तुकडे.

रिपोर्टवरचा वाढलेला आकडा सांगतो, की आत कुठेतरी जाळं विणलंही जातं आहे आणि उसवलंही जातं आहे.

विणणं. उसवणं. दोन्ही ऐका.

*

आता पेणहून गाडीत बसा. कासू जातं. नागोठणे जातं. रोह्याला उतरा.

कुंडलिकेच्या काठी या.

उन्हाळ्यातही हिला पाणी असतं. सह्याद्रीच्या माथ्यावरचं मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली हिच्यात उतरतं. रोह्यावरून ती पुढे जाते, खाडी होते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते.

काठावर कुणीतरी बसलेलं आहे. शेजारी रिकामा डबा. रुग्णालयात आत सोडत नाहीत, म्हणून डबा दारात देऊन परत आलेलं. हातात फोन.

फोनवर निरोप येतो, “डी-डायमर वाढलाय. डॉक्टर डोस ठरवतायत.”

तुम्ही त्याच्या शेजारी बसा. काही बोलू नका.

त्याच्या मनात एकच येतं. वाढवा ना. जास्त द्या. जे लागेल ते द्या. जास्त दिलं, की लवकर बरं वाटेल.

ही इच्छा ओळखीची आहे. तिला हाकलू नका. तिच्याकडे नीट बघा.

आणि मग ऐका.

एप्रिल 2021 मध्ये एम्स आणि आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी मध्यम आजाराच्या कोविड रुग्णासाठी गुठळी धरू नये म्हणून द्यायची नेहमीची मात्रा सांगितली. एनॉक्सापॅरिन, वजनाच्या प्रत्येक किलोला अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. आणि तेही रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल तर.

ऑगस्ट 2021 मध्ये, अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. प्रश्न असा, की गुठळी झालेल्या माणसाला देतात तशी हेपरिनची पूर्ण मात्रा आधीपासूनच दिली तर?

जे रुग्णालयात होते, पण ज्यांना अजून अतिदक्षतेचा आधार लागला नव्हता, असे सुमारे 2200 रुग्ण. नेहमीच्या उपचारावर, यंत्रांचा आधार न लागता बरे होऊन घरी गेले 76.4 टक्के. पूर्ण मात्रेवर 80.2 टक्के.

शंभरातले सुमारे चार जास्त.

थांबा. चार म्हणजे चार घरं. चार डबे.

त्याच पूर्ण मात्रेवर मोठा रक्तस्राव 1.9 टक्के रुग्णांना झाला. नेहमीच्या उपचारावर 0.9 टक्के.

आता दुसरी बाजू. जे आधीच अतिदक्षता विभागात, यंत्रांच्या आधारावर पोचले होते, असे सुमारे 1100 रुग्ण. पूर्ण मात्रेवर वाचून घरी गेले 62.7 टक्के. नेहमीच्या मात्रेवर 64.5 टक्के. फायदा दिसला नाही. मोठा रक्तस्राव मात्र 2.3 वरून 3.8 टक्क्यांवर गेला.

तेच औषध. तीच मात्रा. आधी दिलं तर हात मिळाला. उशिरा दिलं तर मिळाला नाही.

सगळ्यात आजारी माणसाला सगळ्यात जास्त द्यावं, असं मन म्हणत होतं. शरीराने वेगळं सांगितलं.

हे पचायला वेळ लागतो. वेळ घ्या.

बांधाकडे परत बघा. पाणी तुंबायच्या आधी झडपेतला ओंडका काढला, तर शेत वाचतं. बांध सगळीकडून भिजून मऊ झाल्यावर झडप कितीही उघडा, जोर बांधावरच येतो.

श्वास घ्या. सोडा.

*

आता वॉर्डात परत या. काकांजवळ.

डॉक्टर त्यांच्या खाटेपाशी उभे आहेत. हातात केसपेपर. तुम्हीही त्या कागदाकडे बघा.

वजन किती? मूत्रपिंडं नीट चालतात ना? हे औषध लघवीवाटे जातं. मूत्रपिंडं मंद असतील तर ते अंगात साठत राहतं, मात्रा कमी करावी लागते. प्लेटलेट किती? पोटात अल्सर होता का? कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का? हृदयासाठी आणखी कुठली गोळी चालू आहे?

एकेक प्रश्न. प्रत्येक प्रश्न म्हणजे बांधावरून मारलेली एक फेरी. कुठे झिरपतंय का? कुठे माती सुटलीय का?

आणि घरच्यांनीही बघायचं असतं. हिरड्यांतून रक्त. काळी शौच. लघवीला लाली. अंगावर न लागता उठलेले डाग. ही फुटण्याची चाहूल.

एकाच पायाची पोटरी सुजणं, गरम लागणं, दुखणं. एकाएकी छातीत कळ आणि धाप. ही तुंबण्याची चाहूल.

दोन्हींकडे कान द्या. घाबरून नव्हे, सावधपणे. यातलं काही दिसलं, की लगेच सांगायचं. सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही.

मात्रा ठरवणं डॉक्टरांकडे राहू द्या. त्या उन्हाळ्यात कुणी कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरचा कागद बघून घरच्या घरी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या. मायेपोटीच केल्या. पण काकांच्या केसपेपरवरचे प्रश्न त्या कागदावर नव्हते.

*

काका आता कुशीवर वळतात. मग हळूहळू पालथे होतात. उशी छातीखाली. नळी नाकाला तशीच. पालथं झोपलं, की फुप्फुसांचा पाठीकडचा भाग मोकळा होतो. सॅच्युरेशनचा आकडा दोन-तीन अंकांनी वर चढतो.

सिस्टर त्यांच्या पायांपाशी येतात.

“काका, पाऊल वर-खाली करा. पंप मारतो ना, तसं.”

तुम्हीही करा. आत्ता, बसल्या बसल्या.

पावलाचा पुढचा भाग वर उचला. टाच टेकलेली. मग पुढचा भाग खाली, टाच वर.

पुन्हा. सावकाश.

पोटरी आवळते, सैल होते. आवळली, की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. पायांच्या शिरांमध्ये ठिकठिकाणी बारीक झडपा आहेत. वर गेलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत.

तुमच्या पायांतही उघाड्या आहेत. आत्ता चालू आहेत.

आणखी एकदा. पाऊल वर. पाऊल खाली.

पोटरीतली ऊब जाणवू द्या.

या हालचालीला पैसे पडत नाहीत. सुई लागत नाही. गावात वीज गेली तरी ती चालते. ती औषधाची जागा घेत नाही, पण औषधाइतक्याच निष्ठेने रोज करायची असते.

रुग्णालयातून घरी आलेलं माणूस खूप दिवस खाटेला धरून असतं. थकलेलं असतं. आपण मायेने म्हणतो, पडून राहा, मी देते हातात. पाणी हातात, ताट हातात, सगळं हातात.

त्या मायेत थोडी जागा चालण्याला ठेवा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर ओसरीपर्यंत. मग अंगणापर्यंत. दम लागला की थांबून, बसून, पुन्हा.

पुढच्या वेळी घरातलं कुणी ताप-खोकल्याने रुग्णालयात असेल, तर राउंडच्या वेळी एवढंच विचारा: गुठळी होऊ नये म्हणून काय चालू आहे? किती दिवस? रक्तस्रावाचा धोका बघितलाय का? उठवून बसवलं तर चालेल का?

हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर वहीत लिहून ठेवा. कुठल्या गोळ्या आधीपासून चालू आहेत, तेही त्याच पानावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता मनगटावरची बोटं काढा.

तुम्ही बराच वेळ बसलेले आहात. उठा. दहा-वीस पावलं चालून या.